डावं-उजवं

खरेदीचा पहिला नियम: गाडीकडे आधी बघायचं नाही.
कोठाराच्या छपराकडे बघायचं, ऑलिव्हच्या झाडांकडे,
यंदा तेल किती निघालं ते विचारायचं, कॉफी दुसऱ्यांदा घ्यायची,
आणि उठता उठता, जणू आत्ताच दिसली, म्हणायचं,
"ती काय, ताडपत्रीखाली?"

एर्मिनियाबाई हसल्या नाहीत.
कोंबड्या हाकलल्या, ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं.
अडुसष्टची लान्सिया फुल्विया, कुपे.
रंग कधीकाळी निळा; आता कोंबड्यांना विचारावा.
चाकं बसलेली. पण दार एका बोटानं मिटलं,
पिकलं अंजीर मातीत पडावं तसा आवाज.
त्या आवाजाचेच मी मनात दोन हजार धरले
आणि चेहरा पाडला.

"स्टिअरिंग उजवीकडे," म्हणालो,
पत्रिकेत मंगळ निघावा तशा सुरात.

"मोझांबिकची आहे. तिकडे डाव्या बाजूनं चालवायचे.
पंच्याहत्तरला सगळं तिथेच राहिलं,
घर, शिवणयंत्र, कुत्रा.
वाल्देमारनं हिला जहाजावर चढवली.
माझ्या आईचं कपाट नाही चढवलं."

मी मान हलवली.
मान किती हलवायची याचंही माप असतं;
जास्त हलली की भाव चढतो.
"इथे अशा गाडीला गिऱ्हाईक नाही, बाई.
ओव्हरटेक करताना शेजारच्याला विचारावं लागतं,
येतंय का कुणी?"
"मीच सांगायची," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं.
एकदाच चुकले."
पुढच्या बंपरला तो पोचा आहे.
त्याचेही मी तीनशे कापले.

मागितले चौदा हजार. दिले नऊ.
खोटं एक अक्षर बोललो नाही. 'इथे' म्हणालो होतो.
इंग्लंडात एक माणूस वर्षभर थांबलाय
नेमकी उजव्या हाताची, तळाला गंज नसलेली फुल्विया मिळावी म्हणून.
त्याचे एकोणीस.
म्हैस पाण्यात असते तेव्हाच मोल करावं.
माझ्या बापाला हे कळलं नाही,
एवोराच्या बोळात जन्मभर दुसऱ्यांच्या चपला शिवत बसला.
मी फक्त हद्द ओलांडतो.
या बाजूचं डावं त्या बाजूला उजवं ठरतं;
मधलं अंतर माझं.

नोटा मोजताना त्या दोनदा चुकल्या.
तिसऱ्यांदा मी मोजून दिल्या, अगदी चोख.
एवढा प्रामाणिकपणा धंद्याला परवडतो.

आठ दिवस कोठारातच होतो.
कार्बोरेटर धुतले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, टायर, बॅटरी.
नवव्या दिवशी ती खोकली, थुंकली, आणि बोलायला लागली:
एका चादरीखाली चार भावंडं
हळू कुजबुजावीत तसं इंजिन.
"फाटकापर्यंत येऊ का?" बाईंनी विचारलं.
बसल्या. डावीकडे, न बघता.
काच खाली केली, हात बाहेर काढला, तळवा वर.
मला वाटलं, वारा घेतायत.
उतरताना म्हणाल्या, "सुटे पैसे जवळ ठेवा."
म्हातारी माणसं असंच काहीतरी सांगतात.

ट्रेलरचं भाडं वाचवायला चालवतच निघालो
सान्तान्देरच्या बोटीकडे.
एकोणीस वजा नऊ, वजा सुटे भाग,
वजा बोट, वजा रंगाचे दोन हात,
वजा

एल्व्हासच्या अलीकडे टोलनाका.
खिडकी डावीकडे. मी उजवीकडे.
पट्टा सोडला, रिकाम्या सीटवर कोपर टेकलं,
काच फिरवली, हात ताणला.
चार बोटं कमी पडली.
खिडकीतला पोरगा बघत राहिला,
त्याचाही हात बाहेर, तळवा वर.
मागून ट्रकचा हॉर्न.

उतरलो. गाडीला वळसा घालून गेलो. पैसे भरले.
सीटवर कोपराचा खड्डा पडला होता,
त्याशेजारी आधीचा एक, मोठा,
भरून न आलेला.

वजाबाकी कुठवर आली होती ते आठवेना.
पावती खिशात आहे अजून.
कुठल्या रकान्यात टाकायची,
ठरत नाही.